एकही खिळा नसलेला रथ

मुलांनो, आज आधी एक कोडं सोडवा.

वजन सुमारे १२ टन, म्हणजे तीन मोठ्या हत्तींइतकं. उंची टोकापर्यंत मोजली तर सुमारे २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीइतकी. चाकं चार, आणि एकेक चाक तुमच्या बाबांपेक्षाही उंच! इंजिन नाही, बैल नाहीत, घोडे नाहीत. वळवायला स्टिअरिंग नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे अंगावर चाळीसएक माणसं घेऊन तो चालतो, पण त्याचा सांगाडा जोडायला एकही खिळा वापरलेला नाही. ओळखा पाहू, तो कोण?

नाही आलं ओळखता? सांगते. हा आहे जपानमधल्या क्योटो शहरातला रथ. दर वर्षी जुलै महिन्यात तिथे ‘गिओन मात्सुरी’ होते. जपानी भाषेत मात्सुरी म्हणजे उत्सव. १ जुलैला सुरू झालेला हा उत्सव ३१ जुलैला संपतो. पूर्ण एक महिना, बरं का! आणि त्याचं वय? अकराशे वर्षांहूनही जास्त.

रोगराईतून जन्मलेला उत्सव

आपल्याला वाटतं, सण म्हणजे आनंद. पण गिओनचा उत्सव आनंदातून नाही, भीतीतून जन्मला.

क्योटो हे शहर इसवी सन ७९४ मध्ये जपानची राजधानी झाले. शहराच्या तीन बाजूंना डोंगर आणि मध्ये वाटीसारखा सखल भाग. त्यामुळे उन्हाळ्यात उकाडा असा, की वारा म्हणून हलत नाही. जून-जुलैत पाऊस लागतो. त्या काळी नद्यांना पूर यायचे, घाण पाणी विहिरींत शिरायचे आणि पाठोपाठ साथीचे रोग यायचे. आज आपल्याला जंतू माहीत आहेत. पाणी उकळून प्यावं, हे पहिलीतलं पोरसुद्धा सांगतं. पण तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका घरातला माणूस आजारी पडला, की शेजारचा पडायचा, मग सगळी गल्ली. का? कुणाला सांगता येत नसे.

मग लोकांनी आपापल्या परीने उत्तर शोधले. त्यांना वाटले, ज्या माणसांवर अन्याय झाला आणि जी त्या दुःखातच मेली, त्यांचे आत्मे रागावले आहेत. त्यांचा राग शांत करायला हवा.

सन ८६४ मध्ये फुजी पर्वताचा मोठा उद्रेक झाला होता. सन ८६९ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रचंड भूकंप होऊन समुद्र आत शिरला. आणि त्याच ८६९ साली राजधानीत रोगराई पसरली. संकटामागून संकट! तेव्हा सम्राटाच्या बागेत ६६ उंच भाले उभे करण्यात आले. ६६ च का? कारण तेव्हा जपानचे ६६ प्रांत मानले जात. एका प्रांतासाठी एक भाला. सगळ्या देशातली रोगराई या भाल्यांकडे ओढली जावी, अशी त्यामागची कल्पना. गिओनच्या देवळातून देवाच्या पालख्याही निघाल्या.

जपानी भाषेत या भाल्याला ‘होको’ म्हणतात. पुढे हेच भाले चाकांवर चढले, त्यांना छप्पर आले, वाद्ये आली, आणि होको म्हणजेच रथ असे होऊन बसले. आजही मोठ्या रथाच्या मधोमध आकाशात घुसलेला तो उंच खांब असतो ना, तो त्या जुन्या भाल्याचाच वंशज!

‘गिओन’ हे नाव आपल्याकडचं!

आता एक आश्चर्याची गोष्ट ऐका. गिओन हा शब्द जपानी वाटतो की नाही? पण त्याचं मूळ आहे थेट भारतात, उत्तर प्रदेशातल्या श्रावस्तीला.

गौतम बुद्धांच्या काळात श्रावस्तीत अनाथपिंडिक नावाचा श्रीमंत व्यापारी होता. बुद्ध आणि त्यांच्या शिष्यांना पावसाळ्यात राहायला जागा द्यावी, असे त्याच्या मनात आले. त्याला जेत नावाच्या राजकुमाराची बाग पसंत पडली. राजकुमाराला बाग विकायची नव्हती. तो म्हणाला, सगळ्या जमिनीवर सोन्याची नाणी अंथरशील, तर देईन! त्याला वाटले, आता हा परत जाईल. पण अनाथपिंडिकाने खरोखरच गाड्या भरभरून नाणी आणली आणि जमिनीवर पसरायला सुरुवात केली. अशी ही गोष्ट सांगतात. भारहूतच्या स्तूपावर सुमारे २१००-२२०० वर्षांपूर्वी कोरलेले तिचे शिल्पही आहे. ते आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात ठेवले आहे.

ती बाग म्हणजे ‘जेतवन’. बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा जेतवनाचे चिनी नाव झाले. ते चिनी नाव जपानमध्ये पोहोचले आणि जपानी उच्चारात झाले ‘गिओन’. क्योटोच्या त्या देवळात ज्या रोगनिवारक देवाची पूजा होई, तो जेतवनाचा रखवालदार आहे, अशी श्रद्धा होती. म्हणून देऊळही गिओनचे आणि उत्सवही गिओनचा. १८६८ साली जपान सरकारने बौद्ध आणि शिंतो देवस्थाने वेगवेगळी केली. तेव्हा देवळाचे नाव बदलून ‘यासाका’ ठेवले गेले. पण उत्सवाचे नाव मात्र लोकांनी बदलले नाही. नावं सरकारी कागदावर बदलतात, तोंडातली इतक्या लवकर बदलत नाहीत!

एक गरीब, एक श्रीमंत

या देवाची एक गोष्ट क्योटोतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

देव एकदा वाटसरूच्या वेशात प्रवासाला निघाला होता. रात्र झाली. एका गावात दोन भाऊ राहत होते. एक श्रीमंत, दुसरा गरीब. देवाने श्रीमंत भावाचे दार ठोठावले. त्याने हाकलून लावले. मग देव गरीब भावाकडे गेला. त्याचे नाव सोमिन शोराई. त्याच्याकडे पाहुण्याला बसायला चटई नव्हती, म्हणून त्याने धान्याचा पेंढा अंथरला. भात नव्हता, म्हणून भरडधान्य शिजवून वाढले. पण वाढले ते मनापासून. काही वर्षांनी देव परत आला आणि म्हणाला, गवताचे एक कडे वळून कमरेला बांध. साथ आली तरी तुझ्या घरच्यांना ती शिवणार नाही.

म्हणून आजही या उत्सवात ‘चिमाकी’ मिळते. ही वेळूच्या पानांची निमुळती जुडी असते. चिमाकी नावाचा एक गोड पदार्थही जपानमध्ये असतो, त्यामुळे नवखे लोक पाने सोडून आत खाऊ शोधतात! पण ही खायची नाही. घराच्या दारावर टांगायची. तिच्यावर चिठ्ठी असते आणि तिच्यात लिहिलेले असते, की आम्ही सोमिन शोराईचे वंशज आहोत. वर्षभर ती दारावर राहते. पुढच्या वर्षी जुनी परत करायची, नवी लावायची.

गंमत पाहा. सगळं शहर दारावर लिहून सांगतं, की आम्ही त्या गरीब माणसाच्या घरचे! श्रीमंत भावाचं नाव कुणी लावत नाही.

खिळ्याऐवजी दोरी

आता आपल्या कोड्याकडे येऊ. बारा टनांचा रथ खिळ्यांशिवाय उभा कसा राहतो?

उत्सव नसतो तेव्हा रथ रथ नसतो. तो सुटा करून, म्हणजे खांब, तुळया, चाके, कापडे सगळे वेगवेगळे करून कोठारात ठेवलेला असतो. १० जुलैच्या सुमारास क्योटोच्या मध्यवर्ती रस्त्यांवर सुतार आणि दोर बांधणारे कारागीर जमतात. मापाने कापलेली लाकडे एकमेकांत बसवायची आणि भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी करकचून आवळायची. वेढ्यावर वेढे, वेढ्यावर वेढे. हे वेढे इतके रेखीव असतात, की काही ठिकाणी फुलपाखराने पंख पसरल्यासारखे दिसतात. मोठ्या रथाचा सांगाडा आधी चक्क आडवा पाडतात, त्याला उंच खांब जोडतात आणि मग दोरांनी ओढून सगळा डोलारा उभा करतात. खांब सावकाश वर जाऊ लागला, की बघणाऱ्यांचे श्वास थांबतात!

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? चार खिळे ठोकले की झालं! पण थांबा. रथाची चाके लाकडी, त्यांना रबरी टायर नाहीत. रस्त्यावरून जाताना रथ सारखा हिंदकळतो. वरचा उंच खांब डावी-उजवीकडे झुलतो. खिळे ठोकले असते, तर प्रत्येक हिसक्याला खिळ्याजवळ लाकूड फाटले असते, खिळा सैल झाला असता. दोरी तशी नाही. ती थोडी ताणली जाते, थोडा धक्का पिऊन टाकते आणि पुन्हा आवळून बसते. रथाचे अंग कुरकुरते, पण मोडत नाही. आणि मिरवणूक संपली की सोडायलाही सोपे.

हो, सोडायचे ते लगेच, बरं का! मोठे रथ आपल्या आळीत परतले, की त्याच दिवशी मोडायला घेतात. का? तर रथाच्या भाल्याने वाटेतली सगळी रोगराई ओढून घेतली आहे. ती पुन्हा शहरात सुटू नये, म्हणून रथ झटपट उतरवून कोठारात बंद करायचा!

चाकं सरळ, रस्ता वाकडा

मिरवणुका दोन. पहिली १७ जुलैला, तिच्यात २३ रथ. दुसरी २४ जुलैला, तिच्यात ११. मिळून ३४. सगळे सारखे नसतात. उंच खांबाचे मोठे ‘होको’, आणि देवदार किंवा पाइनचे झाड, डोंगर व बाहुल्या यांनी सजलेले ‘यामा’. यामा म्हणजे डोंगर. बरेचसे यामा लहान, एक-दीड टनाचे असतात. ते पूर्वी खांद्यावर वाहून नेत.

पहिला मान कायम एकाच रथाचा. त्याच्या टोकावर लांब दांड्याचे पाते असते, म्हणून त्याचे नाव ‘नागिनाता होको’. बाकी बहुतेकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. ही पद्धत सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची. कारण? पुढे कोण जाणार यावरून भांडणे होत! (तुमच्या वर्गात रांगेत होतात तशीच.) आता २ जुलैला चिठ्ठ्या निघतात. मिरवणुकीत वाटेत एका ठिकाणी क्योटोचे महापौर जुन्या काळच्या अधिकाऱ्याचा पोशाख घालून बसतात आणि प्रत्येक रथाची चिठ्ठी तपासतात. चिठ्ठी असते पेटीत, आणि पेटीला बांधलेली दोरी हाताने सोडायची नसते. हातातल्या पंख्याने एक झटका द्यायचा आणि दोरी सुटली पाहिजे! हे काम कधी कधी लहान मुलांकडे असते. ती कितीतरी दिवस घरी सराव करतात.

रथ ओढायला दोन लांब दोर आणि चाळीस-पन्नास माणसे. रथाच्या पुढच्या फळीवर पंखे घेतलेले दोघे उभे असतात. त्यांनी पंखे पुढे फेकत आरोळी दिली, ‘एन्यारायाऽऽ’, की सगळे एकदम ओढतात. एकाने आधी, दुसऱ्याने नंतर ओढले, तर रथ जागचा हलत नाही.

खरी परीक्षा चौकात. रथाची चाके फक्त सरळ जातात, वळत नाहीत. मग काटकोनात वळायचे कसे? युक्ती ऐका. चाकांखाली हिरव्या बांबूच्या चिरलेल्या कांबी अंथरतात. त्यांवर पाणी ओततात. आता जागा निसरडी झाली. मग दोर बाजूला नेऊन सगळे एकदम हिसका देतात आणि बारा टनांचा रथ करकरत आडवा घसरतो! एका हिसक्यात थोडा, दुसऱ्यात आणखी थोडा, असे तीन-चार वेळा केले की रथ नव्या रस्त्याला लागला. घर्षण कमी केलं की वस्तू सहज सरकते, हा धडा विज्ञानाच्या पुस्तकात आहे ना? तो इथे भर रस्त्यात पाहायला मिळतो.

आणि शहरानेही रथांसाठी स्वतःला बदलले आहे. मुख्य रस्त्यावरचे वाहतुकीचे दिवे असे बसवले आहेत, की मिरवणुकीच्या वेळी ते बाजूला वळवता येतात!

मोठ्यांच्या उत्सवात मुलांचं काम काय?

पुष्कळ! नागिनाता होकोवर साधारण आठ-दहा वर्षांचा एक मुलगा बसतो. त्याला ‘चिगो’ म्हणतात. पूर्वी अनेक रथांवर असे चिगो असत. आता जिवंत मुलगा याच एका रथावर असतो, बाकीच्यांवर बाहुल्या. तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर सोनेरी मुकुट. १३ जुलैला देवळात विधी झाला, की त्याला देवाचा दूत मानतात आणि विधींच्या वेळी त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. एक धट्टाकट्टा माणूस त्याला खांद्यावर घेतो. १७ तारखेला सकाळी रस्त्यावर आडवा बांधलेला पवित्र दोर चिगो खऱ्या तलवारीने एका घावात तोडतो, तेव्हा मिरवणुकीची वाट मोकळी होते. हजारो लोक टक लावून पाहत असतात. छातीत किती धडधडत असेल त्याच्या!

पण चिगो एकच. बाकीच्या मुलांचे काय? ती शिकतात वाजवायला. रथावर बासरी, ढोल आणि झांजेच्या आवाजाची काशाची थाळी वाजते. तिचा नाद ‘कोन-चिकि-चिन’ असा येतो, म्हणून या संगीताचे लाडके नावही तेच! प्राथमिक शाळेतला मुलगा आधी थाळी वाजवायला शिकतो. अनेक वर्षे ती वाजवली, कान तयार झाला, की मग पुढे बासरी किंवा ढोल. घाई चालत नाही. जुलै उजाडला की आळीतल्या माडीवर सराव सुरू होतो आणि खालून जाणाऱ्याला कळते, उत्सव आला!

मिरवणुकीच्या आधीच्या तीन संध्याकाळी रथांवर कंदील लागतात. रस्ते माणसांनी फुलतात. काही जुनी घरे दारे उघडून आपले चित्रांचे पडदे सगळ्यांना पाहायला मांडतात. आणि सुती किमोनो घातलेली मुले-मुली एका सुरात गाणी म्हणत चिमाकी आणि मेणबत्त्या विकतात.

मुलींचं काय, असं कुणी विचारलंत का? चांगला प्रश्न. जुन्या रीतीप्रमाणे रथावर स्त्रियांना चढायची परवानगी नव्हती. अलीकडच्या काही दशकांत काही आळ्यांनी हा नियम बदलला, आणि तिथे मुलीही वादकांत बसू लागल्या. नागिनाता होकोवर मात्र जुना नियम अजून आहे. रीत कुठली ठेवायची आणि कुठली बदलायची, याचा वाद तिथेही चालतोच.

बर्फातले कोंब आणि दख्खनचे गालिचे

प्रत्येक रथाची एक गोष्ट असते. एका रथावर मोसो नावाच्या मुलाची बाहुली आहे. त्याच्या आजारी आईला ऐन थंडीत बांबूचे कोवळे कोंब खावेसे वाटले. हिवाळ्यात कोंब कुठले? पण मोसो बर्फात वणवण हिंडला आणि शेवटी त्याला कोंब सापडले. ही गोष्ट चीनमधली. जुलैच्या घाम काढणाऱ्या उन्हात हा रथ जातो, आणि मोसोच्या टोपीवर मात्र बर्फ!

मुलांचा सर्वांत लाडका रथ नाकतोड्यासारख्या दिसणाऱ्या प्रार्थनाकीटकाचा. रथाच्या छतावरचा हा कीटक आतल्या कळसूत्राने मान वळवतो, पुढचे पाय उगारतो, पंख उघडतो. पुढे मोठी गाडी आली तरी हा एवढासा कीटक पाय उगारून उभा राहतो, अशी जुनी चिनी म्हण आहे. हरणार हे ठाऊक असूनही लढायला गेलेल्या एका शूर सरदाराची ती आठवण.

रथांच्या अंगावर जी कापडे टांगतात, ती पाहायला जगभरातून लोक येतात. क्योटोचे व्यापारी श्रीमंत होते. आपल्या आळीचा रथ शेजारच्या आळीपेक्षा झकास दिसावा, म्हणून त्यांनी दूरदूरची वस्त्रे मिळवली. एका रथावर बेल्जियममध्ये विणलेला पडदा आहे. त्यावर बायबलमधले दृश्य आहे. विहिरीवर रिबेका वाटसरूला पाणी पाजते आहे. दुसऱ्यावर ग्रीकांच्या ट्रॉयच्या युद्धकथेतला राजा आहे. म्हणजे जपानी देवाचा उत्सव, नाव भारतातलं, गोष्टी चीनच्या आणि चित्रं युरोपातली! म्हणूनच या रथांना ‘चालते संग्रहालय’ म्हणतात.

आणि काही गालिचे तर आपल्याकडचे! रथांवरच्या अनेक गालिच्यांचे धागे, गाठी आणि नक्षी अभ्यासकांनी बारकाईने तपासली. त्यांतले काही भारतातले, आणि त्यांपैकीही काही दख्खनमध्ये विणलेले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काळ सतराव्या-अठराव्या शतकाचा. तेव्हा जपानने बहुतेक परदेशी लोकांना दारे बंद केली होती. युरोपीय व्यापाऱ्यांपैकी फक्त डचांना नागासाकी बंदरात परवानगी होती. त्यांच्या जहाजांतून हे गालिचे तिथे पोहोचले. दख्खनच्या कुणा विणकराने गाठ मारताना मनातही आणले नसेल, की आपला गालिचा दूरदेशीच्या एका रथावर मिरवेल आणि शेकडो वर्षे जपला जाईल. आता जुनी वस्त्रे जीर्ण होऊ नयेत म्हणून अनेक आळ्यांनी हुबेहूब नवी विणून घेतली आहेत. मूळ वस्त्रे जपून ठेवली आहेत.

थांबला, पण संपला नाही

मुलांनो, अकराशे वर्षे म्हणजे काही सरळ रस्ता नव्हे. १४६७ साली क्योटोत मोठे यादवी युद्ध पेटले. शहर जळाले, उत्सव बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला १५०० साली, म्हणजे ३३ वर्षांनी! १५३३ साली राज्यकर्त्यांनी उत्सव थांबवायचा हुकूम काढला. तेव्हा आळ्याआळ्यांतले लोक एकत्र गेले आणि म्हणाले, देवळातले विधी नाही झाले तरी चालतील, पण आम्हाला आमचे रथ काढू द्या. पाहिलंत? तोवर उत्सव एकट्या देवळाचा राहिला नव्हता, तो लोकांचा झाला होता.

१७८८ ची आग, १८६४ ची आग. दोन्ही वेळा कितीतरी रथ जळाले. दुसऱ्या महायुद्धात मिरवणूक बंद होती. १९६२ साली मुख्य रस्त्याखाली रेल्वेचे खोदकाम चालू होते, म्हणून ती निघाली नाही. आणि २०२० व २०२१ मध्ये कोरोनामुळे निघाली नाही. रोगाला पळवण्यासाठी सुरू झालेली मिरवणूक रोगामुळेच थांबली! पण २०२१ मध्ये रथ ओढायचे नसतानाही काही आळ्यांनी ते बांधून उभे केले. कशासाठी? तर दोर बांधायचे कसब हातातून जाऊ नये म्हणून. दोन वर्षे हात चालले नाहीत, तर तिसऱ्या वर्षी हात चाचपडतील, ही खरी भीती.

आता ‘ताका यामा’ नावाच्या रथाची गोष्ट सांगते. ताका म्हणजे ससाणा. १८२६ साली मिरवणुकीत मुसळधार पाऊस आला आणि या रथाचे साज खराब झाले. पुढच्या वर्षी तो निघाला नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी नाही. त्यात १८६४ ची आग आली आणि रथ जळाला. उरल्या फक्त बाहुल्यांच्या काही भागांसारख्या थोड्या वस्तू.

दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, संपलं. पण त्या आळीने तसे म्हटले नाही. अशा थांबलेल्या रथांना क्योटोत ‘विश्रांती घेणारा’ रथ म्हणतात. तो मेला नाही, विसावला आहे! रथ नव्हता तरी उरलेल्या बाहुल्या उत्सवात मांडून पूजा होत राहिली. आजोबांनी मांडल्या, वडिलांनी मांडल्या, मुलांनी मांडल्या. अलीकडे तिथल्या लोकांनी ठरवले, की आता रथ पुन्हा उभा करायचाच. दुसऱ्या आळीतल्या वादकांकडून संगीत शिकले. इतर रथांच्या आळ्यांनी आपले जुने भाग देऊ केले. आणि २०२२ साली ताका यामा पुन्हा रस्त्यावर आला. तब्बल १९६ वर्षांनी! त्याच्या आधी २०१४ मध्ये जहाजाच्या आकाराचा एक रथ असाच १५० वर्षांनी परतला होता.

पण काळजी संपलेली नाही. रथांच्या आळ्या शहराच्या मधोमध आहेत. जुनी घरे पाडून तिथे कार्यालये आणि उंच इमारती झाल्या. काही आळ्यांत राहणारी कुटुंबे अगदी थोडी उरली आहेत. मग रथ ओढायला बाहेरून स्वयंसेवक येतात, नव्या इमारतींत राहायला आलेले लोक मदतीला येतात, दूर राहायला गेलेले जुने रहिवासी जुलैत परततात. २००९ साली युनेस्कोने या रथांच्या मिरवणुकीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. मान मिळाला, छानच झाले. पण मानाने दोर आवळले जात नाहीत. त्याला माणसेच लागतात.

करून पाहा

तुम्हीही दोरीची ताकद अनुभवू शकता. सारख्या लांबीच्या बांबूच्या किंवा झाडूच्या आठ काड्या घ्या. चार काड्यांचा चौकोन करा आणि चारही कोपरे सुतळीच्या वेढ्यांनी घट्ट बांधा. उरलेल्या चार काड्यांचा दुसरा चौकोन डिंकाने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. आता दोन्ही चौकोन हातात धरून जोरात हलवा. कोणता आधी मोडतो? बांधलेला चौकोन जरा वाकडा झाला, तर त्याला हाताने पुन्हा सरळ करता येते का? उत्तर वहीत लिहा आणि का तेही लिहा.

दुसरा अभ्यास मात्र एकट्याने करायचा नाही. पालकांनो, यात तुमचीही मदत हवी. आपल्या गावात, वाडीत, पेठेत वर्षाला एखादी तरी मिरवणूक निघते. पालखी असेल, ताबूत असेल, गणपती असेल, गावदेवीची यात्रा असेल. मुलांना घेऊन ज्यांना त्यातलं सगळं ठाऊक आहे, अशा आजी-आजोबांकडे जाऊन बसा. विचारा, पालखीच्या दांड्याला गाठ कोण मारतं? ती कुणाकडून शिकलं? ढोलाचा ठेका कुणाला पाठ आहे? आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा, की ते आता कुणाला शिकवता आहात?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय येतं, ते पाहा. आजोबा गप्प राहिले, तर मुलांनो, तुम्हीच म्हणा, “आजोबा, मला दाखवा ना ती गाठ!”